विमानतळावरचा मेथीचा वाफा

वाचकहो, अमेरिकेहून परत आलेला माणूस बहुधा उंच इमारतींच्या आणि झगमगाटाच्या गोष्टी सांगतो. मीही त्या इमारती पाहिल्या. मान मागे टाकून पाहताना डोक्यावरची टोपी पडली, ती उचलली आणि पुढे चालू लागलो. त्यांचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. आज मी तुम्हाला त्याच न्यूयॉर्क शहरात, पण अगदी वेगळ्या ठिकाणी नेणार आहे. तिथे एके काळी मेलेल्या घोड्यांपासून खत तयार होत असे. पुढे तिथे शहराचा पहिला सरकारी विमानतळ झाला, मग आरमाराचा तळ झाला. आणि आज तिथे गवत आहे, पाखरे आहेत, शिवाय एका वाफ्यात माझ्या थोरल्या बहिणीची मेथी आहे.

मी पंचायत समितीकडे विस्तार अधिकारी (कृषी) म्हणून काम करतो. नोकरीला तीस वर्षे होत आली. सल्ला देणे हाच माझा धंदा. चार वर्षांपूर्वी आमचे दाजी गेले आणि आक्का एकटी पडली. भाचा ब्रुकलिनला नोकरीला. तो म्हणाला, ‘आई, इकडे चल.’ तेव्हा मीच सल्ला दिला, की आक्का, तीन एकर कोण बघणार? विकून टाक आणि लेकाकडे सुखाने राहा. अडीच एकर विकले. विहिरीजवळचे वीस गुंठे तेवढे राहिले. आक्का गेली. पहिली दोन वर्षे फोन केला की ‘बरं हाय’ एवढेच म्हणायची. माझ्या बहिणीला मी ओळखतो. ‘बरं हाय’ म्हणजे बरे नाही.

२०२५च्या उन्हाळ्यात मात्र तिचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात. ‘अरे, येताना आपल्या मिरचीचं बी घिऊन ये. हितं मला वाफा मिळालाय. इमानतळावर!’ मला वाटले, म्हातारपणी काही तरी चुकीचे ऐकले असेल. विमानतळावर कधी कुणाला वाफा मिळतो का?

मी रजा काढली आणि जूनमध्ये गेलो. पिशवीत मिरचीचे बी नव्हते. त्याचे कारण पुढे सांगतो. पिशवीत होता उरलेल्या वीस गुंठ्यांच्या विक्रीच्या मुखत्यारपत्राचा मसुदा. ज्यांनी अडीच एकर घेतले, त्यांना विहिरीचा तुकडाही हवा होता. आक्काला घेऊन वकिलातीत जायचे, तिची सही करून घ्यायची, म्हणजे एक प्रकरण मिटले, असा माझा बेत.

भुईखालची गाडी आणि वाऱ्यावरचे मैदान

पोचल्यावर दुसऱ्याच रविवारी आक्काने मला बाहेर काढले. नऊवारी जाऊन आता अंगावर पाचवारी आणि पायात भाच्याने घेतलेले बूट. हातात खुरपे ठेवलेली पिशवी. भुईखालच्या रेल्वेने आम्ही ब्रुकलिन कॉलेजच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत गेलो. तिथून क्यू ३५ नंबरची बस. फ्लॅटबुश अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता सरळ दक्षिणेला समुद्राकडे जातो. दुकाने संपली, घरे विरळ झाली, खारा वारा आला आणि बस एका मोकळ्या माळावर थांबली.

वाचकहो, मी कोरडवाहू मुलखात वाढलेला माणूस. इतक्या दाट शहरात असा उघडा माळ पाहून मला क्षणभर आपल्याकडे आल्यासारखे वाटले. तेराशे एकरांच्या आसपास हे क्षेत्र आहे. समोर विटांची जुनी बैठी इमारत आणि तिच्यावर मनोरा. दोन्ही बाजूंना विमाने ठेवायच्या प्रचंड शेड. मागे काँक्रीटच्या रुंद पट्ट्या दूरवर गेलेल्या. काँक्रीट तडकलेले, आणि प्रत्येक फटीतून गवत डोकावते आहे. त्या पट्ट्यांवर एक बाप पोराला मोटार शिकवत होता. पलीकडे काही हौशी माणसे खेळण्यातली विमाने उडवत होती. या जागेचे नाव फ्लॉइड बेनेट फील्ड.

मेलेल्या घोड्यांचे बेट

इथे मुळात जमीन अशी नव्हतीच. जमेका नावाच्या उथळ खाडीच्या तोंडाशी दलदलीची बेटे होती. त्यांतल्या एकाचे नाव बॅरन आयलंड. बॅरन म्हणजे नापीक असा अर्थ आपण लावू. पण जुन्या डच वसाहतवाल्यांच्या भाषेत त्याचे नाव ‘अस्वलांचे बेट’ असे होते. इंग्रजांच्या तोंडी त्याचे ‘बॅरन’ झाले असे सांगतात. आपल्याकडेही गावांची नावे अशी बिघडून त्यांचा अर्थ बदलतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्कचा सगळा भार घोड्यांवर होता. माणसे वाहायला घोडा, माल वाहायला घोडा, कचरा वाहायलाही घोडाच. दर वर्षी हजारो घोडे रस्त्यात मरत. ती मढी बोटींत भरून या बेटावर येऊ लागली. कारखान्यांत मोठ्या बंद हंड्यांत वाफेवर ती शिजवत. वर आलेली चरबी साबणाला आणि वंगणाला जाई, खुरांचा व कातड्याच्या तुकड्यांचा सरस होई, आणि हाडे व उरलेला चोथा वाळवून, दळून त्याचे खत होई. शेजारी माशांचे कारखानेही होते. मेनहेडन नावाचा, खायला काट्यांचा पण तेलाने भरलेला मासा इथे ढिगांनी येई. तेल गाळून राहिलेली पेंड शेतात जाई. या माशाचे नावच मुळी तिथल्या आदिवासींच्या एका शब्दावरून आले आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ ‘जमिनीला खत घालणारा’ असा होतो. १८९०च्या दशकापासून शहराच्या स्वयंपाकघरांतला कचराही इथे शिजवून, पिळून त्याची चरबी व खत काढू लागले.

शेतकरी बंधूंनो, तुमच्या ध्यानात आले असेल, की हे हाडांचे खत म्हणजे आपले ‘बोनमील’. त्यात स्फुरद साधारण वीस टक्के आणि नत्र तीन-चार टक्के असते. स्फुरद सावकाश सुटते, आणि आम्लधर्मी जमिनीत चांगले लागू पडते. कोकणातल्या तांबड्या जमिनीत आंबा-नारळाच्या खड्ड्यात ते घालतात ते याचसाठी. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात मात्र त्याचा म्हणावा तसा उपयोग होत नाही, तिथे पैसे घालवू नका. असो.

या बेटावर माणसेही राहत होती. दीड हजारांपर्यंत वस्ती गेली होती. पोलंडहून, आयर्लंडहून, इटलीहून आलेली गरीब माणसे, आणि दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय. वास इतका, की खाडीपलीकडचे लोक तक्रारी करत. पण तिथे शाळा होती, संसार होते, पोरेबाळे होती. पुढे मोटार आली आणि घोडा गेला. घोडा गेला तसे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले आणि १९३०च्या दशकात शेवटचाही थंडावला. १९३६मध्ये शहराच्या उद्यान खात्याचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी उरलेल्या लोकांना बेट सोडायला सांगितले. शाळेच्या मुख्याध्यापिका जेन शॉ यांनी एवढीच मागणी केली, की पोरांचे वर्ष पुरे होऊ द्या. जूनपर्यंत मुदत मिळाली. वर्ष पुरे झाले आणि माणसे पांगली.

रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला जी लहान खाडी आहे, तिला आजही ‘मेलेल्या घोड्याची खाडी’ म्हणतात. घोड्यांची हाडे आणि पुढच्या काळात बुजवलेल्या कचऱ्यातल्या जुन्या बाटल्या तिथल्या किनाऱ्यावर उघड्या पडत. बाटल्या वेचायला लोक येत. पण त्या कचऱ्यात किरणोत्सर्गी वस्तू आढळल्या आणि २०२०मध्ये तो भाग लोकांना बंद केला. पुरलेली वस्तू जमीन कधीतरी वर काढतेच. आपल्या बांधावर औषधांचे रिकामे डबे पुरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

वाळूवर उभारलेला विमानतळ

१९२८मध्ये न्यूयॉर्क शहराने स्वतःचा विमानतळ बांधायचे ठरवले आणि हीच जागा निवडली. आजूबाजूला उंच इमारत नाही, समुद्रावरून विमान मोकळे येऊ शकते. खाडीच्या तळाची वाळू पंपाने उपसून बेटांमधल्या फटी बुजवल्या आणि सगळी जागा भरतीच्या पाण्याच्या वर उचलली. तेव्हाचे कितीतरी विमानतळ म्हणजे नुसती मातीची पटांगणे होती; इथे मात्र काँक्रीटच्या धावपट्ट्या केल्या. २३ मे १९३१ रोजी उद्घाटन झाले.

नाव दिले ते आरमारातले वैमानिक फ्लॉइड बेनेट यांचे. आरमारात जाण्याआधी ते मोटारी दुरुस्त करणारे कारागीर होते. १९२६मध्ये रिचर्ड बर्ड यांच्याबरोबर ते उत्तर ध्रुवाच्या दिशेने विमान घेऊन गेले. ते नेमके ध्रुवावर पोचले होते की नाही, यावर नंतर बराच वाद झाला; पण त्या बर्फावरून विमान नेऊन परत आणणे हीच लहान गोष्ट नव्हती. १९२८मध्ये कॅनडाच्या किनाऱ्यावर अडकलेल्या दुसऱ्या वैमानिकांच्या मदतीला निघाले असताना त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्यातच ते गेले. दुसऱ्याला सोडवायला जाताना मेलेल्या माणसाचे नाव जागेला द्यावे, हे मला बरे वाटले.

या धावपट्टीने मोठमोठी उड्डाणे पाहिली. १९३३च्या जुलैत एक डोळा गमावलेले वायली पोस्ट इथून निघाले आणि एकट्याने विमान चालवत पृथ्वीला फेरी घालून पावणेआठ दिवसांत इथेच उतरले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिलेच. १९३८मध्ये हॉवर्ड ह्यूज आणि त्यांच्या सोबत्यांनी हीच फेरी चार दिवसांच्या आत पुरी केली. त्याच महिन्यात डग्लस कॉरिगन नावाचा एक वैमानिक जुनाट विमान घेऊन आला. समुद्र ओलांडायची परवानगी त्याला सरकारने नाकारली होती. ‘मी आपला कॅलिफोर्नियाला परत जातो,’ असे सांगून तो पश्चिमेऐवजी पूर्वेला उडाला आणि थेट आयर्लंडात उतरला! विचारल्यावर म्हणाला, होकायंत्र चुकले. शेवटपर्यंत त्याने हेच सांगितले. सरकारी परवानगी नाकारली की माणूस काय काय युक्त्या करतो, हे तीस वर्षे कार्यालयात बसून मीही पाहिले आहे.

पण वाचकहो, विक्रमांनी विमानतळ चालत नाही. त्या काळी विमानांची खरी कमाई टपालाची होती, आणि टपालाची विमाने शेजारच्या राज्यातल्या न्यूअर्कलाच उतरत राहिली. महापौर ला गार्डिया यांना याचा इतका राग, की १९३४मध्ये एकदा न्यूअर्कला विमान उतरल्यावर ते जागचे उठेनात. ‘माझ्या तिकिटावर न्यूयॉर्क लिहिले आहे, मला न्यूयॉर्कला न्या.’ शेवटी विमान त्यांना घेऊन इथे आले. तरी उपयोग झाला नाही. ही जागा गावापासून आडबाजूला. १९३९मध्ये शहराने जवळचा दुसरा विमानतळ उघडला, त्याला याच महापौरांचे नाव मिळाले, आणि प्रवासी तिकडे गेले. चांगला बाजार बांधला पण रस्ता नीट नाही, म्हणून गाळे ओस पडले, असे आपल्या तालुक्यांतही होते.

आरमाराची तीस वर्षे

२ जून १९४१ रोजी इथे आरमाराचा हवाई तळ रीतसर सुरू झाला. सहाच महिन्यांत अमेरिका महायुद्धात उतरली. लाँग आयलंडवर आणि शेजारच्या कनेटिकट राज्यात लढाऊ विमानांचे कारखाने रात्रंदिवस चालू होते. तयार झालेली विमाने इथे येत, त्यांची तपासणी होई, आणि वैमानिक ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर नेऊन पोचवत. तिथून ती जहाजांवर चढत. असा हजारो विमानांचा ओघ या तळावरून वाहिला. आपल्याकडे गोव्यातला दाबोळी विमानतळ आरमाराच्या हाती आहे, तुमच्यापैकी कुणी तिथे उतरले असेल, तर आरमाराचा तळ म्हणजे काय याची थोडी कल्पना येईल. इथल्या कामात बायकाही होत्या. मनोऱ्यातून विमानांना उतरण्याचा इशारा देण्याचे काम आरमारातल्या स्त्रिया करीत.

तळाच्या एका कडेला तटरक्षक दलाचे ठाणे होते. हेलिकॉप्टर तेव्हा अगदी नवे होते, आणि ते चालवण्याचे शिक्षण १९४३पासून इथे देत. ३ जानेवारी १९४४ रोजी सकाळी बंदराबाहेर टर्नर नावाच्या युद्धनौकेवर स्फोट झाला. अनेक खलाशी भाजले, जखमी झाले. त्यांना रक्तद्रव हवा होता आणि हवा अशी, की बर्फ व गारांच्या वादळात विमाने उडेनात. फ्रँक एरिक्सन यांनी इथून हेलिकॉप्टर उचलले, शहराच्या टोकाला उतरून रक्तद्रवाच्या पेट्या घेतल्या आणि खाडी ओलांडून सँडी हूकच्या दवाखान्यापर्यंत पोचवल्या. हेलिकॉप्टरने माणसांचे प्राण वाचवण्याचे हे पहिले काम समजतात. २०१९ला सांगली-कोल्हापूरच्या पुरात छपरावर बसून ज्यांनी हेलिकॉप्टरची वाट पाहिली, त्यांना या गोष्टीची किंमत मी सांगायला नको.

युद्धानंतर इथे राखीव दलाचे वैमानिक शिकत. १९५७च्या जुलैत जॉन ग्लेन पश्चिम किनाऱ्यावरून निघून ३ तास २३ मिनिटांत इथे उतरले. पाचच वर्षांनी तेच ग्लेन पृथ्वीभोवती फिरणारे पहिले अमेरिकन अंतराळवीर ठरले. पण खाडीपलीकडे केनेडी विमानतळाची गर्दी वाढत होती, आणि जुन्या तळाचे काम आटत होते. १९७१मध्ये आरमाराने हा तळ बंद केला.

मग जमिनीचे काय झाले?

आता विचार करा. न्यूयॉर्कसारख्या शहरात तेराशे एकर सपाट जमीन रिकामी झाली. तिथे हजारो घरांची वसाहत करावी असा प्रस्ताव राज्याच्या बाजूने पुढे आला होता. पण १९७२च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या संसदेने कायदा करून ही जागा आजूबाजूच्या खाडी-किनाऱ्यांसह राष्ट्रीय उद्यानात घातली. शहरातल्या सामान्य माणसाला बसचे भाडे देऊन जाता येईल असे उद्यान.

सगळे गोडच झाले असे नाही. पैसा कमी पडला, कितीतरी इमारती पडझडीला आल्या. एका जुन्या शेडमध्ये गॅसच्या नळाचे केंद्र आले, त्याला लोकांनी विरोध केला. काही शेडमध्ये २००६पासून खेळाची मैदाने आणि बर्फावर घसरायची जागा झाली. एका शेडमध्ये स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे जुनी विमाने डागडुजी करून जपली. पोलिसांची हेलिकॉप्टरे आजही इथूनच उडतात.

आणि २०२३च्या नोव्हेंबरात धावपट्टीवर मोठे तंबू उभे राहिले. दक्षिण अमेरिकेतून आणि इतर देशांतून आसऱ्याला आलेली सुमारे दोन हजार माणसे, लेकराबाळांसह, तिथे राहिली. २०२४च्या जानेवारीत वादळाचा इशारा आला तेव्हा त्यांना रातोरात एका शाळेत हलवावे लागले. २०२५च्या जानेवारीत ते तंबू उठले. मी गेलो तेव्हा तिथे नुसते काँक्रीट होते. आक्का म्हणाली, ‘थंडीत त्या लेकरांचं लई हाल झालं रं.’ शंभर वर्षांपूर्वी याच वाळूवर दुरून आलेली गरीब माणसे घोड्यांची हाडे शिजवत होती. हे मी तिला सांगितले, तर ती बराच वेळ काही बोलली नाही.

माझ्या धंद्याच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे गवत. विमानतळ चालू होता तोवर धावपट्ट्यांमधले गवत कापून आखूड ठेवत, वैमानिकाला लांबचे दिसावे म्हणून. त्यामुळे माळावर घरटी करणारी पाखरे तिथे आली. तळ बंद झाला, कापणी थांबली आणि झुडपे घुसली. तेव्हा १९८५मध्ये पक्षिमित्र संस्था आणि उद्यानाने मिळून झुडपे काढली आणि सुमारे १४० एकर गवताळ माळ राखायला सुरुवात केली. म्हणजे बघा, माळ राखायचा तर नुसता सोडून चालत नाही. आपल्या गायरानात घाणेरी आणि वेडी बाभूळ कशी माजली ते आठवा. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केले, आज तिथे माळढोक दिसणे दुर्मीळ. गवताला आपण ‘पडीक’ म्हणतो, तिथेच चूक होते.

मी कडेला बसून मूठभर माती उचलली. माती कसली, वाळूच. शिंपल्यांचे तुकडे मिसळलेली. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी होती ती.

आक्काचा वाफा

या माळाच्या एका भागात सामुदायिक बाग आहे. शेकडो वाफे, प्रत्येकाला आपले कुंपण, आपली झोपाळी, आपली पाटी. ब्रुकलिनमधली सर्वांत मोठी बाग तीच असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. आक्काच्या इमारतीत एक वयस्क बाई राहतात, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या. त्यांचा इथे जुना वाफा. आता गुडघे चालत नाहीत. त्यांनी अर्धा वाफा आक्काला भागीने करायला दिला. दोघींची भाषा एक नाही. एकीने भेंडीचे रोप दाखवायचे, दुसरीने मान हलवायची. भेंडी दोघींच्या घरची निघाली!

आक्काने मला वाफा दाखवला तो एखाद्या सुनेने माहेरचे घर दाखवावे तसा. वाळूवर कुजलेल्या पाल्याचे खत घालून केलेली काळी माती. दोन ओळी मेथी, एक कोथिंबिरीची, कडेने भेंडी आणि गवारीच्या चार जाळ्या. मेथी आणि धने वाण्याच्या दुकानातलेच पेरलेले. वाळूत पाणी टिकत नाही, म्हणून तिने गवताचे आच्छादन केले होते. मी गावोगाव सभा घेऊन आच्छादनाचे फायदे सांगत हिंडलो; माझ्या बहिणीने ते कधी केले नव्हते, ते न्यूयॉर्कला येऊन केले.

मग तिने हात पुढे केला. ‘आण. मिरचीचं बी.’

मी सांगितले, की परदेशात बी न्यायचे तर परवाना लागतो, ते रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. मी शेतीखात्याचा माणूस, मीच चोरून कसे आणू? गाजरगवत आपल्याकडे १९५०च्या दशकात पुण्यात दिसले, ते याच अमेरिकेच्या धान्याबरोबर आले असे मानतात. आज ते कुठल्या बांधावर नाही?

‘चार दाणं मिरचीचं, त्ये काय बॉम्ब हाय का?’ आक्का रागावली आणि खुरपे घेऊन पाठ फिरवून बसली. थोड्या वेळाने तिकडूनच म्हणाली, ‘बी न्हाई आणलंस. मंग पिशवीत कसलं कागद आणलंस?’

भाच्याने सांगितले असावे. मी कागद काढले, सगळा हिशेब सांगितला. वीस गुंठे, भाव एवढा, कसायला कुणी नाही, गिऱ्हाईक रोख द्यायला तयार. आक्का मेथी खुरपत ऐकत होती. मग तिने विचारले, ‘ह्ये इमानतळ बंद पडलं, तवा सरकारनं इकलं न्हाई?’

‘नाही. ठेवले.’

‘एवढी म्हागाची जागा, आन् ठिवली?’

‘ठेवली.’

‘मंग माझं वीस गुंठं तुला का सलत्यात?’

वाचकहो, तीस वर्षे मी लोकांना प्रश्नांची उत्तरे देत आलो. याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी म्हणालो, ‘आक्का, ते विहिरीसाठी मागतात.’ ती म्हणाली, ‘पाणी पायजे, तर पाणी दे की. आठवड्याच्या पाळ्या लिवून दे. पाण्यासाठी जमीन कशाला घेत्यात? अडीच एकर दिलं तवा तू सांगितलंस म्हणून दिलं. हितं आल्यावर दोन वरसं मला हाताला मातीच लागली न्हाई. मला वाटायचं, आपुन आता निस्तं बसायला आलोय.’

ती हे रागाने बोलली नाही. मेथीची जुडी बांधता बांधता बोलली. मला मात्र माझा जुना सल्ला आठवला. जमिनीचा भाव मी नीट काढला होता. बहिणीचा दिवस कसा जाईल, हे त्या हिशेबात धरलेच नव्हते.

परत निघताना बसथांब्यावर तिने अर्धी जुडी त्या कॅरिबियन बाईंसाठी वेगळी काढली. वकिलातीत आम्ही गेलो नाही.

परत गावी

परतल्यावर मी त्या शेजाऱ्यांना भेटलो. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवल्या, कागदावर लिहिल्या, दोन पंच घेतले. त्यांना खरोखर पाणीच हवे होते. जमीन विकत घेणे हा त्यांना दिसलेला एकच मार्ग होता. वीस गुंठ्यांपैकी पाच गुंठ्यांत जुलैत आक्काच्या वाणाची मिरची लावली, बाकीच्यात भुईमूग टोकला. रविवारी मी स्वतः जातो. कंबर दुखते, पण जातो. फोनवर चित्र दाखवले, की आक्का ब्रुकलिनहून ओरडते, ‘ओळीत तण दिसतंय!’

तुमच्यापैकी अनेकांची मुले पुण्या-मुंबईला आहेत, काहींची त्याहून दूर आहेत. जमीन विकावी की ठेवावी हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रत्येक घराची अडचण निराळी, आणि दरवेळी ठेवणेच शहाणपणाचे असेही नाही. मी एवढेच सांगेन, की ठरवण्याआधी ज्या माणसाचे हात त्या मातीत गेले आहेत, त्याला विचारा. मी विचारले नव्हते. घोड्यांची हाडे, आरमाराची विमाने आणि निर्वासितांचे तंबू पाहिलेल्या त्या वाळूवर आज मेथी उगवते. विहिरीजवळच्या वीस गुंठ्यांची एवढी घाई मला कशाला झाली होती?